मंडळीची घटना आणि सभासदांची सवय

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मार्चअखेरचे हिशेब मिटले की महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये (स्थानिक चर्चमध्ये) वार्षिक सभांचे दिवस सुरू होतात आणि दरवर्षीच्या दोन तक्रारी पुन्हा ऐकू येतात. पाळक (पास्टर) आणि कमिटीवरचे लोक म्हणतात, उपासनेला बाकडी भरतात, पण सभेला कोणी थांबत नाही; लोकांना मंडळीची आस्थाच उरली नाही. सभासद म्हणतात, थांबून करायचे काय, ठरायचे ते आधीच ठरलेले असते. पुढे वाद पेटला की याच तक्रारींना धार येते आणि एकमेकांच्या विश्वासावर, चारित्र्यावर बोट ठेवले जाते. आमचे म्हणणे असे की बोट ठेवायचेच तर आधी मंडळीच्या घटनेवर, म्हणजे तिच्या लेखी नियमावलीवर ठेवावे. सभासद किती देतो, काय विचारतो, कुठे गप्प बसतो आणि कधी कोर्टाची पायरी चढतो, यातले बरेचसे कारभाराच्या नियमांनी घडवलेले असते.

वसईकडे पाहा. वसई धर्मप्रांत (एका बिशपांच्या अखत्यारीतला विभाग) २२ मे १९९८ रोजी मुंबई महाधर्मप्रांतातून वेगळा झाला. इथला कॅथलिक समाज मराठी बोलणारा, शेती-बागायतीतून वर आलेला आणि सहकारात मुरलेला. १९१८ साली पतसंस्था म्हणून सुरू झालेली बॅसिन कॅथॉलिक बँक ही याच समाजाने उभी केली. सहकारी बँकेच्या सभासदाला वार्षिक अहवाल मिळतो, ताळेबंद हाती येतो, संचालक मंडळ मतदानाने निवडले जाते, लेखापरीक्षण झालेले हिशेब सर्वसाधारण सभेपुढे ठेवावेच लागतात. असा आकडे वाचायची सवय असलेला माणूस धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) बैठकीत मात्र पटकन म्हणून जातो, ‘फादर, तुम्हीच ठरवा.’ माणूस बदललेला नाही. बँकेच्या सभेत त्याच्या मताला वजन आहे. धर्मग्रामाच्या बैठकीत त्याचे मत ऐकून घेतले जाते, मोजले जात नाही.

कॅथलिक चर्चचा १९८३चा धर्मकायदा याबाबत स्पष्ट आहे. कलम ५३२ प्रमाणे धर्मग्रामाच्या सर्व कायदेशीर व्यवहारांत प्रमुख धर्मगुरू हाच प्रतिनिधी. कलम ५३६ प्रमाणे बिशपांना योग्य वाटल्यास प्रत्येक धर्मग्रामात पाळकीय परिषद नेमायची, तिचे अध्यक्षपद धर्मगुरूकडे, आणि परिषदेचे मत केवळ सल्ल्यापुरते. अर्थसमितीबद्दल कलम ५३७ वेगळे बोलते: ती प्रत्येक धर्मग्रामात असलीच पाहिजे. या रचनेचा फायदा खरा आहे. निवडणुकीचे गट पडत नाहीत, पॅनेल उभी राहत नाहीत, हरलेला गट वर्षभर धुसफुसत बसत नाही. गरजूंना मदत, लग्न-मयताची व्यवस्था, वाडीवाडीतले लहान ख्रिस्ती समूह, ही कामे वादाविना चालतात. पण सल्ला देणाऱ्याला आपल्या सल्ल्याचे पुढे काय झाले हे कधीच कळले नाही, तर दोन-तीन वर्षांत तो सल्ला द्यायचे सोडून विनंत्या आणू लागतो. परिषदेच्या बैठकीत मग विषय राहतात ते सणाच्या मंडपाचे, पार्किंगचे आणि ध्वनिक्षेपकाचे. शिवाय धर्मगुरूची बदली झाली की परिषदेचा सूरच बदलतो. एका फादरने लोकांना हिशेब दाखवले, पुढच्याने नाही दाखवले, तर लोक त्याला व्यक्तीचा स्वभाव समजतात. तो त्यांचा हक्क होता हे कोणी सांगितलेले नसते.

आणि हक्क आहे. कलम १२८७चा दुसरा भाग सांगतो की श्रद्धावंतांनी चर्चला दिलेल्या दानाचा हिशेब व्यवस्थापकांनी स्थानिक नियमानुसार श्रद्धावंतांना द्यावा. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये सुरू केलेल्या सिनॉडच्या (जागतिक कॅथलिक चर्चच्या विचारविनिमय सभेच्या) प्रक्रियेचा अंतिम दस्तऐवज ऑक्टोबर २०२४ मध्ये आला. त्यातही या सल्लागार परिषदा सक्तीच्या कराव्यात आणि सर्व पातळ्यांवर हिशेबदेही असावी असे म्हटले आहे. यासाठी सल्ल्याचे मतदान करून टाकायची गरज नाही. परिषदेच्या इतिवृत्तात तीन रकाने ठेवावेत: कोणता सल्ला दिला, काय निर्णय झाला, सल्ला मानला नसेल तर कारण काय. तिसरा रकाना रिकामा ठेवायचा नाही आणि पुढच्या बैठकीच्या सुरुवातीला तो वाचून दाखवायचा. धर्मगुरूचा अधिकार यात तसूभरही कमी होत नाही. परिषदेवर बसलेला माणूस मात्र पुढच्या वेळी तयारी करून येतो.

प्रोटेस्टंट मंडळ्यांची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे, आणि तिची मुळे मिशनच्या काळात आहेत. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत आले, १८३१ मध्ये अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) ठाणे पडले. हे मिशन काँग्रिगेशनल परंपरेचे. त्या परंपरेत प्रत्येक मंडळी स्वतंत्र, पाळक निवडायचा अधिकार सभासदांचा. कागदावर यापेक्षा लोकशाही रचना कोणती? पण पाळकाचा, शाळामास्तरचा, बायबलबाईचा पगार बॉस्टनच्या मिशनरी बोर्डाकडून यायचा. बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये इथे येऊन गेले आणि मंडळ्या स्वावलंबी, स्वशासित व स्वतः प्रसार करणाऱ्या व्हाव्यात असा आग्रह धरून गेले. पगार मात्र पुढेही दीर्घकाळ मिशनचाच राहिला. ज्याच्या हाती पगार त्याच्याकडे लोकांची तोंडे. सभेत हात वर करायचा अधिकार होता, तरी नजर मिशनरी साहेबांच्या चेहऱ्याकडे जायची. रेव्ह. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनच्या चाकरीतून बाहेर पडून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा स्वतंत्र मेळा मांडला, त्यामागे भक्तीची ओढ होतीच, पण पगारी व्यवस्थेने मंडळीला आलेले परावलंबन हेही कारण होते. घटना काय म्हणते आणि पैसा कुठून येतो, या दोन्ही गोष्टी पाहिल्याशिवाय सभासदाचे वागणे उलगडत नाही.

पुढे १९२४ मध्ये प्रेसबिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या एकत्र आल्या आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा मंडळ्यांची मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) उभी राहिली. त्यात अँग्लिकन बिशप मानणारे होते, वडीलमंडळाने (मंडळीतल्या ज्येष्ठांच्या मंडळाने) कारभार चालवणारे होते, सभासदांच्या सभेला सर्वोच्च मानणारेही होते. एकीसाठी तिन्ही पद्धती ठेवल्या गेल्या. खाली पास्टरेट, म्हणजे पाळकाच्या देखरेखीखालची स्थानिक मंडळी, आणि तिची कमिटी; वर डायोसिसची, म्हणजे बिशपांच्या विभागाची, परिषद; सर्वांत वर सिनॉड, म्हणजे सगळ्या सीएनआयची मध्यवर्ती सभा. आणि या सगळ्यात बिशप. एकीची ही इच्छा थोर होती, असे आम्ही मनापासून मानतो. पण तिची किंमत सामान्य सभासदाला अशी मोजावी लागते की निर्णय नक्की कुठे होतो हे त्याला कळत नाही. पाळकाची बदली का झाली? कमिटी म्हणते डायोसिसने केली. डायोसिस म्हणते बिशपांच्या अधिकारात झाली. बिशपांकडे गेले तर ते कार्यकारी समितीकडे बोट दाखवतात. पूर्वाश्रमीची काँग्रिगेशनल मंडळी अजून मनात धरून असते की पाळक आपण निवडतो. पूर्वाश्रमीची अँग्लिकन मंडळी म्हणते, बिशपांनी पाठवला तो आपला. एकाच शहरातल्या या दोन मंडळ्यांना एकच परिपत्रक गेले, तरी एकीकडे ते सूचनाफलकावर लागते आणि दुसरीकडे त्यावर मोर्चा निघतो.

पैशाच्या बाबतीत या रचनेने एक सवय लावली आहे, तिच्याबद्दल उघड बोलले पाहिजे. पास्टरेटने आपल्या उत्पन्नातला ठरलेला हिस्सा डायोसिसकडे भरायचा असतो; त्यातून पाळकांचे पगार व मध्यवर्ती खर्च चालतात. कल्पना चांगली आहे, कारण गरीब खेड्यातल्या मंडळीलाही पाळक मिळतो. पण हिस्सा सर्वसाधारण उत्पन्नावर धरला जातो, आणि दुरुस्ती निधी, महिला संघ, तरुण संघ, संडे स्कूल यांची खाती बहुधा बाजूला राहतात. मग कापणीच्या सणाचा लिलाव दुरुस्ती निधीत जातो, ख्रिसमसचे विशेष दान तरुण संघाच्या पावतीबुकावर घेतले जाते. यात कोणी खिशात घालतोच असे नाही. बहुतेक वेळा पैसा मंडळीतच राहतो. पण पाच खाती, पाच खजिनदार आणि एकाचेच लेखापरीक्षण, ही स्थिती एकदा मान्य झाली की सभासद शिकतो की वर सांगायचा हिशेब वेगळा आणि आपला हिशेब वेगळा. तीच शिकवण उद्या त्याच्याच कमिटीवर उलटते. यावर उपाय सरळ आहे. हिस्सा एकूण जमेवर धरावा, पण दर कमी ठेवावा. आणि मंडळीच्या नावाने निघालेले प्रत्येक पावतीबुक एकाच नोंदवहीत अनुक्रमांकाने चढवावे. कोणते बुक कोणाकडे दिले, कधी परत आले, किती पावत्या कोऱ्या राहिल्या, हे लिहिलेले असले की निम्मे संशय तिथेच विरतात.

आता वार्षिक सभेविषयी थोडे सविस्तर, कारण सभासदाचा स्वभाव सर्वांत जास्त घडतो तो या दोन तासांत. सभा बहुधा रविवारी उपासनेनंतर लावतात. उपासना संपते साडेदहा-अकराला, सभा सुरू होते बाराच्या सुमारास. आया-बहिणी स्वयंपाकासाठी निघून गेलेल्या असतात, दुपारची पाळी असलेले कामगार गेलेले असतात. गणसंख्या (कोरम) भरत नाही. मग बहुतेक न्यासांच्या (ट्रस्टच्या) नियमावलीत असते ते कलम वापरले जाते: सभा अर्धा तास तहकूब, त्यानंतर त्याच जागी, त्याच विषयांवर, गणसंख्येची अट न ठेवता. हे कलम अडचणीच्या वेळेसाठी होते. दरवर्षी वापरल्यावर सगळ्यांना कळते की आपण आलो नाही तरी सभा होतेच. गैरहजेरीला आळस म्हणण्याआधी हे कलम किती वर्षे सलग वापरले गेले ते इतिवृत्ताच्या वहीत मोजावे.

पुढे विषयपत्रिका. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, वार्षिक अहवाल, हिशेब मंजूर करणे, अंदाजपत्रक, लेखापरीक्षकाची नेमणूक, आणि शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’. हिशेबाची प्रत सभेतच वाटली जाते, तीही एका बाकाला एक. दोन पानांचा जमाखर्च वाचायला जितका वेळ लागतो त्याच्या आत ‘मंजूर?’ असे विचारले जाते. ज्याला काही विचारायचे आहे त्याला सांगतात, शेवटी विचारा. शेवट येतो तेव्हा जेवणाची पाने मांडलेली असतात, अध्यक्षांना दुसरीकडे प्रार्थनेला जायचे असते आणि प्रश्न विचारणारा माणूस सगळ्यांना खोळंबा वाटतो. तो आवाज चढवतो. दोन वर्षांनी तोच माणूस ‘भांडखोर’ म्हणून ओळखला जातो. दुसरीकडे याच आयत्या वेळच्या विषयात कंपाउंडची भिंत, भाडेकरूचा करार, वाहन खरेदी असे मोठे ठराव मंजूर होऊन जातात, कारण आधी कळवायची गरज नसते. एकाच विषयामुळे विचारणारा कडवट होतो आणि कारभारी निर्धास्त.

इलाज कठीण नाही. सभेची नोटीस निदान चौदा दिवस आधी, लागोपाठ दोन रविवारी वाचून दाखवून. नोटिशीसोबत लेखापरीक्षित हिशेबाची प्रत, प्रत्येक घराला एक. लेखी प्रश्न सात दिवस आधी सचिवाकडे, आणि त्यांची उत्तरे हिशेबाच्या विषयातच, शेवटी नव्हे. ठरावीक रकमेवरचा खर्च, जमीन आणि नेमणूक हे तीन विषय आयत्या वेळी घ्यायचे नाहीत, असे नियमावलीत एक वाक्य. सभा संध्याकाळी चारला ठेवली आणि लहान मुलांना सांभाळायला संडे स्कूलचे दोन शिक्षक नेमले, तर बायकांची उपस्थिती वाढते. आणि बायका बोलू लागल्या की पाण्याची टाकी, स्वच्छतागृह, विधवांची मदत हे विषय वर येतात. एरवी ते सभेपर्यंत पोचतच नाहीत.

मतदारयादी हा दुसरा नाजूक भाग. मत कोणाला? सहभागी सभासद, दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर विश्वास पक्का केल्याचा विधी) झालेला, वर्गणी नियमित असलेला. ‘नियमित’ म्हणजे काय, हे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले नसते. ठरवतात ते पाळक आणि सचिव. त्यामुळे निवडणुकीच्या वर्षी फेब्रुवारीत अचानक थकलेल्या वर्गण्या भरल्या जातात, एकेक उमेदवार पंधरा-पंधरा घरांची वर्गणीची पाकिटे एका हाताने भरतो, आणि निवडणूक झाली की पुढची अडीच वर्षे पाकिटे रिकामी. वर्गणी हे देवाला दिलेले दान होते. नियमाने तिला मताचे शुल्क करून टाकले. यासाठी यादी दरवर्षी ३१ डिसेंबरला गोठवावी, मग निवडणूक असो वा नसो. जानेवारीच्या पहिल्या रविवारी फलकावर लावावी, हरकतीला पंधरा दिवस द्यावेत, आणि हरकती ऐकायला शेजारच्या पास्टरेटचा पाळक व तिथल्या वडीलमंडळातले दोघे असावेत. ज्याची वर्गणी गरिबीमुळे थकली त्याचे नाव काढू नये. कमिटीने ती गुप्तपणे माफ केल्याची एक ओळ पुरे. निवडणूक अधिकारीही दुसऱ्या मंडळीचाच हवा. दोन मुदतींनंतर एक मुदत विश्रांती, हा नियम असला की सचिवपद घराण्यात राहत नाही आणि कपाटाची किल्ली एकाच माणसाच्या खिशात राहत नाही.

अर्पणाची मोजणी ही छोटी गोष्ट वाटते, पण सभासद दर रविवारी जे पाहतो ते हेच. उपासना संपल्यावर थैली वेस्ट्रीत (चर्चच्या बाजूच्या खोलीत) जाते. तिथे एकटा खजिनदार मोजत असेल, तर तो कितीही प्रामाणिक असो, त्याच्यावर आज ना उद्या संशय येणार. मोजायला नात्यात नसलेले दोघे, दर महिन्याला बदलणारे. नोटांच्या मूल्याप्रमाणे चिठ्ठी, पाचशेच्या किती, शंभरच्या किती, सुटे किती. चिठ्ठीवर दोघांच्या सह्या. रक्कम वहीत शाईने. आणि सोमवारी बँकेत जशीच्या तशी पूर्ण रक्कम. थैलीतूनच झाडूवाल्याचा पगार आणि फुलांचे पैसे देऊन उरलेले भरायचे, ही पद्धत सगळ्यात घातक, कारण मग बँकेची जमा आणि वहीची जमा कधीच जुळत नाही. पुढच्या रविवारी आधीच्या रविवारचा आकडा सूचनांमध्ये वाचावा. पौलाने करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात दानाची रक्कम पोचवताना सोबत आणखी बंधू पाठवले, कोणाला दोष ठेवायला जागा नको म्हणून. देवापुढेच नाही तर माणसांपुढेही चोख असावे म्हणून. जिथे आकडा दर रविवारी ऐकू येतो तिथे लोक तो वाढावा म्हणून धडपडतात. जिथे वर्षातून एकदाच कळतो तिथे त्यावर कुजबुज होते.

जमिनीचा विषय आल्यावर तर सभासदाचे वागणे पूर्णच बदलते. मिशनच्या बंगल्यांची, शाळांची, दवाखान्यांची आवारे आज शहराच्या मध्यावर आली आहेत. उपासना एका संस्थेची, जमीन दुसऱ्या न्यासाच्या किंवा कंपनीच्या नावावर, आणि आवारात राहणारी कुटुंबे तिसऱ्याची भाडेकरू, अशी स्थिती अनेक ठिकाणी आहे. सीएनआयमध्ये विलीनीकरणाचा ठराव झाला म्हणजे मालमत्ताही आपसूक गेली, असे कित्येकांनी धरून चालले. गुजरातमधल्या ब्रदरन मंडळीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सांगितले की नोंदणीकृत न्यासाचे असे प्रश्न सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या चौकटीतच सोडवले पाहिजेत. २०१३ मध्ये त्याच मंडळीबाबत स्पष्ट केले की नुसत्या ठरावाने न्यासाची मालमत्ता दुसऱ्या संस्थेची होत नाही. महाराष्ट्रातल्या मंडळ्यांना हे निकाल लागू पडण्यासारखे आहेत, कारण मूळ कायदा एकच, १९५०चा.

या कायद्याचे चार व्यावहारिक मुद्दे प्रत्येक सभासदाला ठाऊक हवेत. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची लेखी खबर, न्यासांवर देखरेख करणाऱ्या धर्मादाय कार्यालयात दाखल करायचा असतो (कलम २२). हिशेबाचे लेखापरीक्षण करून अहवाल तिथे द्यायचा असतो. जमीन किंवा इमारत विकायला, बक्षीस द्यायला, अदलाबदल करायला, तसेच शेतजमीन दहा वर्षांहून आणि बिगरशेती जमीन वा इमारत तीन वर्षांहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते (कलम ३६). आणि विश्वस्तांनी गैरकारभार केला तर त्यांना निलंबित वा दूर करता येते (कलम ४१ ड).

गोंधळ होतो तो चेंज रिपोर्टवर. निवडणूक झाली, हरलेल्या गटाने हरकत घेतली, दोन्ही गटांनी आपापला चेंज रिपोर्ट टाकला, आणि प्रकरण वर्षानुवर्षे पडून राहिले. तोवर पुढची निवडणूक येते. धर्मादाय कार्यालयातल्या न्यासाच्या नोंदवहीवर (परिशिष्ट एकवर) मात्र विश्वस्तांची जुनीच नावे, त्यातली काही दिवंगत. बँक नव्या सह्या मान्य करत नाही, खाते गोठते, पाळकाचा पगार अडतो. मग व्यासपीठावरून करिंथकरांस पहिल्या पत्राचा सहावा अध्याय वाचून दाखवतात की विश्वासणाऱ्यांनी अविश्वासणाऱ्यांच्या न्यायासनापुढे जाऊ नये. वचन खरेच आहे. पण त्याच अध्यायात पौल विचारतो, भावाभावांत निवाडा करील असा एकही शहाणा तुमच्यात नाही काय? मंडळीत तक्रार ऐकणारी, ठरलेल्या मुदतीत लेखी उत्तर देणारी, आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो जिच्यात बसत नाही अशी समिती नसेल, तर माणसाला धर्मादाय कार्यालयाशिवाय दार उरत नाही. त्याला अविश्वासू म्हणणे अन्याय आहे. अशी समिती तीन जणांची पुरते: एक निवृत्त पाळक, एक कायदा किंवा हिशेब जाणणारा, एक स्त्री, तिघेही त्या पास्टरेटबाहेरचे, उत्तर तीस दिवसांत.

अमेरिकन मिशनच्या परंपरेतल्या मेथडिस्ट मंडळ्या १९७०च्या एकीत आल्या नाहीत. त्यांच्यात पाळकांच्या नेमणुका बिशप वार्षिक कॉन्फरन्समध्ये जाहीर करतात. पाळक आज ना उद्या जाणार हे माहीत असल्याने खरी सत्ता वर्षानुवर्षे बसलेल्या एखाद्या खजिनदाराकडे साचते, आणि नवा पाळक पहिले वर्ष त्यालाच विचारून चालतो. मुक्तिफौजेत (साल्व्हेशन आर्मीत) अधिकाऱ्यांच्या, म्हणजे तिथल्या पाळकांच्या, बदल्या हुकमाने होतात, तिथे प्रश्न विचारायची सवयच कमी. शिस्त मात्र वाखाणण्याजोगी.

गेल्या काही दशकांत वाढलेल्या स्वतंत्र मंडळ्यांबद्दल जास्त काळजी वाटते. पुष्कळ ठिकाणी स्थापना करणारा पाळकच अध्यक्ष, पत्नी खजिनदार, मुलगा किंवा मेहुणा सचिव, आणि न्यासपत्रात सभासद नावाची गोष्टच नाही. असतात ते फक्त विश्वस्त. येणारी माणसे मनापासून येतात, दशांश देतात, उपास-प्रार्थनेत रात्री जागतात. रुग्णाच्या घरी हे लोक सर्वांत आधी पोचतात, हे मान्य केलेच पाहिजे. पण मतभेद झाला तर बोलायची जागा नसल्याने एकच मार्ग उरतो: निघून जाणे. म्हणून तिथे भांडणे कमी दिसतात आणि मंडळ्या फुटताना जास्त दिसतात. एक कुटुंब पाच वर्षांत तीन मंडळ्या बदलते, त्याला लोक चंचल म्हणतात. त्या कुटुंबाला एकाही मंडळीने सभासद म्हणून नोंदवलेले नसते. अशा पाळकांना आमची विनंती आहे की न्यासपत्रात दुरुस्ती करून निदान दोन विश्वस्त सभासदांनी निवडून द्यावेत, घरातल्या दोघांच्या सहीने बँकेचे खाते चालवू नये आणि स्वतःचे मानधन विश्वस्तांच्या ठरावाने, आकड्यासह ठरवून घ्यावे. पाळकाच्या मृत्यूनंतर किंवा आजारपणात मंडळी कोणी चालवायची हे न्यासपत्रात नसेल, तर ती बहुधा वारसाहक्काच्या वादातच संपते.

प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात रोजच्या अन्नवाटपात आपल्या विधवांकडे दुर्लक्ष होते अशी ग्रीक भाषिक यहुद्यांनी कुरकुर केली तेव्हा प्रेषितांनी कुरकुर करणाऱ्यांना झापले नाही. लोकांनाच सात माणसे निवडायला सांगितले आणि काम त्यांच्या हाती दिले. त्या सातांची नावे ग्रीक आहेत, म्हणजे ज्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष झाले होते त्या बाजूची माणसे वाटपावर बसली. आजच्या कमिट्यांनी हा उतारा प्रवचनापुरता न ठेवता उमेदवारी ठरवताना वाचावा. ज्या वस्तीची, ज्या जातीतून आलेल्या घरांची, ज्या वयाची माणसे आजवर कमिटीवर कधीच बसली नाहीत, त्यांच्यासाठी जागा राखून ठेवावी. तक्रार करणाऱ्याला जबाबदारी मिळाली की त्याची भाषा कशी बदलते, हे ज्यांनी ही जागा दिली आहे त्या मंडळ्यांना विचारावे.

डायोसिस कार्यालये, धर्मप्रांत आणि स्वतंत्र न्यास, सगळ्यांकडे एकच मागणी आहे आणि ती येत्या वार्षिक सभेआधी पुरी करता येण्यासारखी आहे. आपापल्या घटनेतली किंवा न्यासपत्रातली सभा, मतदान, हिशेब, बदली, मालमत्ता आणि तक्रार यांविषयीची कलमे साध्या मराठीत आठ-दहा पानांत छापावीत आणि प्रत्येक घरी एक प्रत द्यावी. सोबत न्यासाचा नोंदणी क्रमांक, परिशिष्ट एकवर आज असलेल्या विश्वस्तांची नावे, शेवटचा चेंज रिपोर्ट कोणत्या तारखेला मंजूर झाला ती तारीख आणि शेवटच्या लेखापरीक्षणाचे वर्ष, एवढे एका पानावर द्यावे. ते पान भरताना ज्या ओळी रिकाम्या राहतील, त्यांच्यापासून कमिटीने कामाला सुरुवात करावी.

आपले,
मंडळ्यांच्या हिशेबाचे व न्यासनोंदणीचे काम पाहणारे काही सभासद,
अहिल्यानगर, नाशिक व वसई